निळ्या दरवाजाचं घर

रशियातलं गृहयुद्ध संपून शंभर वर्षं उलटली, पण जयपूरच्या मराठी मंडळात ते अजून मिटायचं होतं. बँकेतून निवृत्त झालेले अध्यक्ष जयंतकाका म्हणत होते, एकांकिकेत ज्यूंना मारणारे बोल्शेविकांचे लाल सैनिकच हवेत. जन्मभर युनियन केलेले अरुणकाका म्हणत होते, क्रांतीविरोधी पांढरेच हवेत. मेलेल्या ज्यूंशी दोघांनाही काही देणंघेणं नव्हतं. खून समोरच्याच्या गळ्यात मारता आले की दोघंही चहा प्यायला मोकळे.

सुवर्णाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकांकिका तिनं लिहिली होती, बसवतही तीच होती, आणि सीतापुऱ्यातल्या कॉलेजात ती इतिहास शिकवायची.

"काका, त्या गावांतून सगळ्याच फौजा गेल्या," ती म्हणाली. "युक्रेनच्या राष्ट्रवाद्यांनी ज्यूंना कापलं. पांढरे म्हणाले, ही क्रांती ज्यूंनीच आणली, म्हणून त्यांनी कापलं. लालांनी त्यामानानं कमी, पण त्यांच्याही काही तुकड्यांनी नफेखोर म्हणून मारलंच. मी कुणालाही गाळणार नाही."

तिनं युक्ती अशी केली होती की सैनिक झालेली तीच चार पोरं प्रेक्षकांदेखत दंडावरची फीत बदलायची आणि पुन्हा त्याच गल्लीत शिरायची. बाहेरून सगळी घरं सारखीच. मग सैनिक एका शेजारणीला विचारायचे, आणि ती लाझार या ज्यू शिंप्याचं घर दाखवायची. तिच्या अंगावरचा कोट त्यानंच शिवलेला. "तिसरं घर, निळा दरवाजा." एवढंच वाक्य. सगळं नाटक त्या वाक्यावर उभं होतं.

शेजारीण करत होत्या जयंतकाकांच्या पत्नी रत्नप्रभाकाकू. मंडळात त्यांच्या तोडीची नटी नव्हती. पण त्या वाक्याशी आल्या की अडायच्या.

"अगं, ती असं का करेल? वैर नाही, काही नाही. मला कारण तरी दे."

"काढून टाक ते वाक्य," जयंतकाका खुर्चीतून म्हणाले. "उगाच शेजारपाजाऱ्यांना दोष कशाला? सैनिकांना कळेल आपोआप."

"कसं कळेल? माणसाच्या कपाळावर लिहिलेलं असतं?"

काकूंना एकदम शेजारणीचा कळवळा आला. "मला विचारशील तर तिची काही चूकच नाही. तिला विचारलं, तिनं सांगितलं. आता नंदकिशोरजींनी मला तुमच्याबद्दल विचारलं, तेव्हा मी काय खोटं..."

त्या थांबल्या.

नंदकिशोरजी म्हणजे राजा पार्कातले काकूंचे शेजारी. गेल्या वर्षी सुवर्णाचे वडील शेषराव रेल्वेतून निवृत्त झाले, क्वार्टर सोडायचं आलं, तेव्हा नंदकिशोरजींचा वरचा मजला भाड्यानं ठरला होता. आई द्वारकानं खिडक्या मोजून पडदे शिवले. आणि मग एका सकाळी नंदकिशोरजी गोड हसून म्हणाले, "वो क्या है शेषरावजी, भाई की बेटी आ रही है." कुणाची बेटी आली नाही. दिवाळीपर्यंत तिथं कुलूप होतं. शेषराव शहराबाहेर पार बस्सीला राहायला गेले. तिथल्या बुटक्या खिडक्यांना ते पडदे आजही फरशीवर लोळतात.

"काय सांगितलंत तुम्ही?" सुवर्णानं विचारलं.

"अगं, काही नाही. बौद्ध आहेत, म्हटलं. ते म्हणाले, मतलब? मी म्हटलं, मतलब... पूर्वीचे ते. माणसं चांगली आहेत, हेही सांगितलं हं मी!"

सुवर्णाला वाटलं, हातातली संहिता या बाईच्या तोंडावर फेकावी आणि मंडळाला कायमचं कुलूप लावावं. वर्षभर ती नंदकिशोरजींना शिव्या घालत होती, आणि संक्रांतीला या काकूंच्या हातचा तिळगूळ खात होती! तिनं पेन काढलं आणि काकूंच्या संहितेत निळ्या दरवाजाच्या खाली लिहिलं: "माणसं चांगली आहेत हो."

"हे तुम्ही म्हणायचं."

"मी नाही म्हणणार," काकूंनी संहिता मिटली.

"म्हणाल. मागच्या वेळी तर तालीमसुद्धा लागली नव्हती."

"सुवर्णा, जुनं उकरू नकोस," जयंतकाका उठले.

"मग नाटक रद्द करा. आणि का रद्द केलं ते मी माइकवर सांगते." जयंतकाका पुन्हा खुर्चीत बसले.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून नंदकिशोरजी, शेवटच्या रांगेत शेषराव आणि द्वारका. सुवर्णानं घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. ती विंगेत उभी राहिली, बाई आता वाक्य गिळते की काय, या धास्तीनं.

सैनिकानं विचारलं. काकूंनी एकदा विंगेकडे पाहिलं. मग कोटाचं बटण लावत, शेजारी पत्ता सांगतात तितक्याच सहज त्या म्हणाल्या, "तिसरं घर, निळा दरवाजा. माणसं चांगली आहेत हो."

दरवाजा फुटला. पडदा पडला, आणि मग टाळ्या थांबेनात. उत्कृष्ट अभिनेत्रीची शाल नंदकिशोरजींच्याच हातून दिली गेली. "क्या नैचुरल एक्टिंग है भाभीजी!" काकूंनी मान वर केली नाही. सुवर्णानं टाळी वाजवली नाही. तिला ती शाल ओढून घ्यावीशी वाटत होती.

बस्सीच्या बसमध्ये शेषराव खिडकीपाशी बसले.

"नाटक चांगलं झालं बेटा," ते म्हणाले. "पण एक समजलं नाही. ती बाई तर आधीपासून रस्त्यावरच उभी होती. फौज येऊन राह्यली, पळा, असं त्या शिंप्याले जाऊन काहून नाही सांगतलं तिनं?"

सुवर्णानं समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला.

"तिले तसं कोनी इचारलंच नाही, बाबा."