मंजूचा नवरा टेकबहादूर

मंजू राठोडने पुण्यात एका नेपाळी माणसाशी लग्न केलं तेव्हा तांड्यातल्या लोकांनी तिची आशा सोडून दिली होती. पोरगी आता नेपाळात जाणार, दिवाळीलासुद्धा दिसायची नाही, असं जो तो तिच्या आईला, सोजरबाईला सांगत होता. झालं उलटंच. सोजरबाईची नजर अधू झाली. थोरला भाऊ दौलतसिंग दर वर्षी बायकोसकट ऊसतोडीला जायचा, म्हातारीकडे बघायला कोणी उरलं नाही. तेव्हा मंजूच नवऱ्याला घेऊन मानोऱ्याकडच्या डोंगरातल्या आपल्या तांड्यावर राहायला आली.

टेकबहादूर पुण्यात एका मेसमध्ये स्वयंपाकी होता आणि मंजू तिथं पोळ्या लाटायची. इकडे आल्यावर त्याने तालुक्याच्या स्टँडजवळ मोमोची गाडी टाकली. सुरुवातीला लोक नुसते बघत उभे राहायचे. मग त्याने सोजरबाईच्या पाट्यावर वऱ्हाडी ठेच्यासारखी झणझणीत चटणी वाटली आणि कॉलेजच्या पोरांची गर्दी व्हायला लागली. आठ वर्षं गेली. पोरगी झाली, तिचं नाव निकिता. टेकबहादूर वऱ्हाडी बोलायला शिकला, सासूला तांड्याच्या बोलीत 'याडी', म्हणजे आई, म्हणू लागला. तांड्यात कोणाच्या घरी लग्न असलं की मोठ्या पातेल्याशी तोच उभा असायचा.

त्या हिवाळ्यात तांड्याचा चढ त्याला चढवेना. गाडी ढकलताना मधेच थांबायचा आणि छातीवर हात ठेवून हसायचा, म्हणायचा, "म्हातारा झालो वं मी." पाय सुजायला लागले तेव्हा मंजूने त्याचं काही ऐकलं नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन उभं केलं.

तिथल्या डॉक्टर स्नेहा यांनी तपासण्या केल्या आणि दोघांना समोर बसवून सांगितलं, "हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. ती बदलावी लागेल. ऑपरेशन मोठं आहे, पण सरकारी योजनेत बसवता येईल. रेशनकार्डावर यांचं नाव आहे ना?"

"माहं हाये," मंजू म्हणाली. "मायचं हाये, पोरीचं हाये."

"आणि यांचं?"

टेकबहादूरने आपल्या पायांकडे बघितलं. आठ वर्षांत कधी गरजच पडली नव्हती.

मंजू दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन रेशनकार्डाच्या ऑफिसात गेली. खिडकीतल्या क्लार्कने कागद चाळले, नेपाळचा नागरिकत्वाचा दाखला बोटाच्या टोकाने बाजूला सारला.

"बाहेरदेशचा माणूस. नाव चढत नाही."

"बायको इथलीच हाये ना. माहं नाव हाये कार्डावर."

"अहो बाई, बायको नवऱ्याच्या गावाले जाते. नवरा बायकोच्या गावाले येते का कधी? घेऊन जा त्याले नेपाळात. तिथल्या सरकारले सांगा, करून देते ऑपरेशन."

रांगेतली माणसं हसली. टेकबहादूर पण कसनुसं हसला, त्याला तशी सवय होती. मंजू मात्र हसली नाही.

"लेखी द्या," ती म्हणाली.

"काय?"

"नाव काहून चढत नाही, ते कागदावर लिहून द्या. खाली तुमची सही, शिक्का."

"मले तेवढा वेळ नाही."

"माह्यापाशी हाये," असं म्हणून ती समोरच्या बाकावर बसली.

ऑफिस बंद होईपर्यंत ती तिथंच बसून राहिली. क्लार्कने काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मोमोची गाडी स्टँडवरून हलवली आणि ऑफिसच्या फाटकासमोर आणून लावली. टेकबहादूर घरी बसून होता, म्हणून ती स्वतःच मोमो वाफवायची. गिऱ्हाईक विचारायचं, "वैनी, गाडी इकडं कायले आनली?" मग ती प्रत्येकाला सगळं सांगायची. क्लार्कचं बोलणं तर ती त्याच्याच आवाजात करून दाखवायची. बायका ऐकून चिडायच्या, बाप्ये खाली मान घालून चटणी मागायचे. ऑफिसातले शिपाईही प्लेटा घेऊन जात आणि आत जाऊन तेच बोलत. शेवटी क्लार्क एका दुपारी फाटकाबाहेर आला, तिच्या हातात एक कागद कोंबला आणि म्हणाला, "घ्या. आता ही गाडी हटवा."

कागदावर लिहिलं होतं की अर्जदाराचे पती परदेशी नागरिक असल्याने नाव समाविष्ट करता येत नाही.

त्या संध्याकाळी उकंडराव तांड्यावर आले. इंझोरीकडचे शेतकरी, बाजाराच्या दिवशी सुनेला घेऊन हमखास गाडीवर यायचे. सून, संस्कृती, टेकबहादूरशी दबक्या आवाजात दोन शब्द बोलायची, कोणी आलं की गप्प व्हायची. आज उकंडराव एकटेच होते. खाटेवर बसून त्यांनी आवाज खाली घेतला.

"माही सून कोठची हाये, सांग बरं मंजू."

"मेळघाटची म्हनता तुमी."

"ते कागदावर. खरी ती टेकच्याच देशातली. पोरानं दिल्लीहून आनली. नाव बदललं, जन्मगाव बदललं, कार्डावर चढली. सारं त्याच क्लार्कनं केलं. कोनी इचारलं? नाही. सून होती ना, सून कुठूनही येते." त्यांनी टेकबहादूरकडे बघितलं. "याचंबी होऊन जाईन. टेकसिंग राठोड, जन्म मध्य प्रदेश. मानूस हाये माह्या ओळखीचा. चार दिसात कार्ड हाती येते. तुमचे उपकार हायेत पोरीवर, परक्या गावात तिले बोलाले मानूस भेटला, म्हनून आलो."

दौलतसिंग नुकताच ऊसतोडीवरून आला होता. तो लगेच म्हणाला, "करून टाक वं. जीव वाचते का नाव, ते पाय. अन् दुसरं सांगू? तू ऑफिसासमोर तमाशा करून राह्यली, उद्या ते लोक साऱ्या तांड्याचे कागद तपासत बसतीन."

मंजूला राग आला. टेकबहादूर भिंतीला टेकून बसला होता. आता त्याला आडवं होताच येत नव्हतं, आडवं झालं की श्वास कोंडायचा. त्याला काय वाटतं तेच महत्त्वाचं होतं आणि तिची विचारायची हिंमत होत नव्हती, कारण तो हो म्हणाला असता तर तिने हे केलंही असतं.

टेकबहादूर थांबत थांबत बोलला. "हे नाव माह्या बापानं ठेवलं. ऑपरेशनमधी मी मेलो तर कागदावर टेकसिंग मरन. मग टेकबहादूर कुठं गेला? माही माय तिकडं वाट पायते, तिले कोन काय सांगन?"

सोजरबाईने चाचपडत जाऊन जावयाच्या पाठीवर हात ठेवला.

मंजू उकंडरावांना म्हणाली, "काका, तुमी आपुलकीनं आले. पन नाही. ज्या नावाशी मी लगन केलं, त्याच नावानं त्याचं ऑपरेशन होईन."

ते गेल्यावर ती घरामागे गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली. आपण नवऱ्याचा जीव हट्टापायी घालवतो आहोत की काय, हे तिला खरंच कळत नव्हतं. मग तोंड धुऊन तिने दौलतसिंगला सांगितलं, "वाशीमले मोठ्या साहेबायची सुनावनी असते, लोक गाऱ्हानी घेऊन जातेत. मी याले घेऊन जाऊन राह्यली. येतं का संग? नसन येत तर नको येऊ."

सकाळी दौलतसिंग मित्राचा ऑटो घेऊन दारात उभा होता.

सुनावणीचा हॉल भरलेला होता. रस्त्याची, विहिरीची, मोजणीची गाऱ्हाणी चालली होती. समोर उपजिल्हाधिकारी मॅडम बसल्या होत्या, बाजूला खात्याखात्याची माणसं आणि त्यांत तो क्लार्कही होता. मंजूचं नाव पुकारलं गेलं. तिने त्याने दिलेला कागद पुढे ठेवला.

मॅडमनी वाचला. "यात चूक काय आहे? ते परदेशी नागरिक आहेतच."

"हायेत. नाही कोन म्हनते? पन मॅडम, माह्या पोरीचं नाव कार्डावर चढलं तवा बापाचं नाव इचारलं होतं. टेकबहादूर सांगितलं, तुमच्याच मानसानं लिहून घेतलं. माह्या पोरीचा बाप तुमाले चालते, अन् माहा नवरा चालत नाही?"

हॉलमध्ये थोडी कुजबुज झाली. मॅडम क्लार्ककडे वळल्या, पण मंजू थांबली नाही.

"हे साहेब मले म्हनले, नवरा बायकोच्या गावाले येत नसते. कोन्या कायद्यात लिहेल हाये? सून बाहेरदेशची आली तर गुपचूप नाव चढते, कोनी इचारत नाही. जवाई आला तर तो गुरखा, परका. सारखं लगन, सारखा संसार."

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. "गुपचूप चढतं म्हणजे? कोणाचं चढलं आहे? नाव सांगा."

क्लार्कने मान वर केली. त्याचा चेहरा उतरला होता. मंजूला तो दिसत होता. एक नाव घेतलं असतं तर हा माणूस इथंच, सगळ्यांसमोर संपला असता. तोंडावर आलेलं नाव तिने गिळलं.

"नाव नाही सांगत."

"मग तुमचं म्हणणं मी तपासू कसं?"

"कोन्या बाईचं नाव काढाले मी आली नाही मॅडम. याचं घालाले आली." तिने मागे बोट केलं. "हा इथं बसून हाये. याले तपासा."

टेकबहादूर उठला. पुढच्या टेबलापर्यंतचं अंतर काही फार नव्हतं, पण खुर्च्या धरत धरत यायला त्याला वेळ लागला. त्याचा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता.

मॅडमनी डॉक्टर स्नेहांचे रिपोर्ट मागून घेतले, कोणाला तरी फोन केला, बराच वेळ बोलल्या. मग म्हणाल्या, "कार्डाचं मी आज ठरवू शकत नाही. वर विचारावं लागेल. पण ऑपरेशन कार्डासाठी थांबायची गरज नाही. नागपूरच्या सरकारी दवाखान्यात मी बोलले आहे, उद्या अँब्युलन्सने न्या. झडपेच्या खर्चासाठी तिथले समाजसेवा अधिकारी एखाद्या धर्मादाय संस्थेकडे बघतील. आणि नागरिकत्वाचा अर्ज का केला नाही अजून? भारतीय नागरिकाशी लग्न झालंय, इतकी वर्षं इथं राहताय. त्यात नवरा की बायको असा फरक नाही."

"कोनी सांगितलंच नाही," मंजू म्हणाली. "करू अर्ज. पन कार्डाचा अर्ज मी मागं घेत नाही."

"घेऊ नका," मॅडम म्हणाल्या आणि पहिल्यांदाच थोड्या हसल्या.

नागपुरात ऑपरेशन झालं. ऑपरेशन थिएटरबाहेर मंजू आणि दौलतसिंग बसले होते. नर्सने दार उघडून "टेकबहादूरचं कोण आहे?" असं विचारलं, तेव्हा मंजूच्या आधी दौलतसिंग उठून उभा राहिला. नर्स म्हणाली, पेशंट बरा आहे. दौलतसिंग परत बसला तो डोळे पुसतच.

टेकबहादूर घरी आल्यावर संस्कृती त्याला बघायला आली. मंजूने सुनावणीत नाव सांगायचं नाकारलं, ही गोष्ट क्लार्कने घाबरून उकंडरावांना सांगितली होती, त्यांच्याकडून ती तिला कळली होती. ती खाटेजवळ बसली आणि टेकबहादूरशी नेपाळीत बोलली, चांगली मोकळ्या आवाजात, तांड्यातल्या बायका दारात उभ्या असताना. जाताना मंजूचा हात धरून म्हणाली, "ताई, माझं खरं नाव सिर्जना." मंजूने तिला त्याच नावाने पुन्हा यायला सांगितलं.

पावसाळा सरता सरता नागरिकत्वाच्या अर्जाच्या चौकशीसाठी हवालदार तांड्यावर आला. झाडाखाली खुर्ची टाकून त्याने वही उघडली. हा माणूस ओळखता का, असं त्याने विचारताच दहा जण एकदम बोलायला लागले. कोणाच्या लग्नात टेकबहादूरने स्वयंपाक केला होता, कोणाच्या म्हाताऱ्याला त्याने गाडीवर निजवून दवाखान्यात नेलं होतं. हवालदाराने हात वर करून त्यांना थांबवलं आणि सोजरबाईला विचारलं, "आजी, हा तुमचा कोण?"

"जवाई," सोजरबाई म्हणाली. "अन् हळू बोल, तो झोपून हाये."

"मग नातं काय लिहू? घरजावई?"

"घरजावई कायले?" मंजू आतून बाहेर आली. "नवरा लिहा. मंजू राठोडचा नवरा."

हवालदाराने तसं लिहिलं, चहा घेतला आणि गेला.

नागरिकत्वाचं उत्तर यायचं आहे, कार्डाचंही आलेलं नाही. टेकबहादूर आता सकाळी थोडा वेळ गाडीवर उभा राहतो, दुपारनंतर मंजू राहते. दर सोमवारी ती गाडी त्याच्यावर सोपवून ऑफिसात जाते आणि खिडकीशी उभी राहून विचारते. क्लार्क आता तिला वैनी म्हणतो, आतली खुर्ची पुढे सरकवतो.

"बसा ना वैनी."

"बसाले नाही आली," ती म्हणते. "उत्तर आलं का?"