झटका खाल्लेला दोर

मी दोर बोलतोय. गुरं बांधायचा नव्हे हो! उंच इमारतींना रंग देणाऱ्या माणसाला धरून ठेवणारा. एक टोक गच्चीवरच्या खांबाला, दुसरं माझ्या रंगाऱ्याच्या कमरपट्ट्याला. कारखान्यात पीळ घालताना मला काही वाटलं नव्हतं, पण या माणसाला बांधलं आणि जीव जडला तो जडलाच.

माझा रंगारी भलताच बडबड्या. लटकत्या फळीवर बसून भिंतीशी गप्पा मारायचा, कबुतरांना शिव्या घालायचा. प्रार्थनेचं खातं मात्र बायकोकडे. रोज सकाळी ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "प्रभू, यांना सांभाळ." हा तोवर चपला शोधत असायचा.

एके दिवशी फळीची कडी निसटली. फळी गेली, रंगाचा डबा गेला, आणि माझा रंगारीही! मी सगळा जीव एकवटून त्याला धरलं. आतले धागे तटातट तुटले, पण सोडलं नाही. वर ओढून घेतल्यावर तो लहान पोरासारखा रडला.

"तो दोर कापून टाक," मुकादम म्हणाले. आमच्या कामात नियमच आहे, झटका खाल्लेला दोर पुन्हा वापरायचा नाही. बाहेरून धडधाकट दिसतो, आतून कामातून गेलेला असतो. पण याला माझी माया सुटेना. पिशवीत लपवून त्याने मला घरी आणलं आणि क्रूसाशेजारी खिळ्याला टांगलं. मलाही जरा मिजास चढली, खोटं कशाला बोलू?

कामावर परतायच्या दिवशी त्याने मला काढून पिशवीत कोंबलं. अरे वेड्या, तुला पेलायचं बळ नाही रे आता माझ्यात! पण दोराचं ऐकतो कोण?

बायकोने मात्र पाहिलं. "अहो, हा कशाला?"

"याने वाचवलं मला. नव्याची काय खात्री?"

"मी तापाने फणफणले होते, तेव्हा तुम्ही चमच्याने औषध पाजलंत. मग मी जीव कुणाला लावू, तुम्हाला की चमच्याला?"

तो हसला. ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. "प्रभूने तुमचा जीव मला परत दिलाय. तोच जीव पुन्हा टांगणीला लावणार? प्रेमाला असं उत्तर देतात का हो?"

तो खाली बसला. सुरी घेतली आणि मला मांडीवर धरलं. काप रे राजा, काप!

त्याने कापलं. आतले तुटके धागे भसकन बाहेर आले. तो बघतच राहिला.

"एवढा तुटला, तरी मला धरून होता," तो पुटपुटला. मग मान वर करून क्रूसाकडे पाहिलं. "प्रभू, तूही माझ्यासाठी असाच तुटलास ना? आणि मला कधी कळलंच नाही रे." ती त्याच्याजवळ येऊन बसली.

आता माझे तुकडे जिन्याखालच्या पोत्यात आहेत, भंगारवाल्याची वाट बघत. माझ्यासाठी हळहळू नका. तुम्हालाही कुणीतरी जीव लावून धरलंय, म्हणून जिवाला जपा, एवढंच सांगणं. माझा रंगारी आज नवा दोर लावून वर गेलाय. येतो मी.