न गाळलेली सोयरीक

दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून गुणमाला नवऱ्याला आणि पोराला घाईनं वाढत होती. एवढ्यात आर्जवच्या हातातली आमटीची वाटी हिसका बसल्यासारखी उडाली आणि सगळी आमटी बापाच्या धोतरावर सांडली.

"वीस वर्साचा घोडा झालास, वाटी धरता येत न्हाई तुला?" रामगोंडा कडाडला.

आर्जव काहीतरी म्हणाला, पण जीभ इतकी जड झालेली की शब्दाच्या आधी लाळच गळाली. तोंड मात्र हसरं. ते हसू नव्हतं हो! चेहराच तसा ताठून गेला होता. बापाला वाटलं, पोरगं दात काढतंय. त्यानं ताट सरकवलं आणि तो उठून गेला.

सांगलीजवळच्या त्या कृष्णाकाठच्या गावात रामगोंडा पाटलाच्या हळदीला जेवढं नाव होतं, तेवढंच त्याच्या घराला होतं. आणि नाव मोठं असलं की माणूस आधी नावाला जपतो, मग माणसाला. वर्षभरापूर्वी आर्जव सायकलवरून कॉलेजला जायचा. आधी त्याचं अक्षर बिघडलं, मग हात कापायला लागला, मग पाय वाकडा पडू लागला. गाव म्हणालं, पोरगं पितंय! जैनाच्या घरात दारू! रामगोंडाला पोराच्या दुखण्यापेक्षा हे बोलणंच जास्त लागलं. तेव्हापासून पाहुणा दारात आला की आर्जवला हळदीच्या खोलीत बसवायचं आणि बाहेरून कडी घालायची, अशी त्या घराची रीत पडली. "झाकली मूठ सव्वा लाखाची," रामगोंडा म्हणायचा.

थोरला पायगोंडा पूर्वीच गेला होता. त्याला कावीळ झाली, गळ्यात काविळीची माळ घातली, झाडपाला पाजला. पोट फुगलं आणि पोर हाताशी आलेलं निघून गेलं. ती कावीळ होती आणि हे आर्जवचं कर्म, दोन्हींचा काही संबंध नाही, असं घरानं धरून ठेवलं होतं. धाकटी ब्राह्मी बारावीला, चांगली टुणटुणीत. तिच्याकडं बघूनच गुणमाला दिवस ढकलत होती.

शेवटी बाजाराचं निमित्त काढून ती आर्जवला घेऊन सांगलीला गेली. मेंदूच्या आजाराच्या डॉक्टर आम्रपाली कांबळे तिथं नव्यानं बसत होत्या. त्यांनी आर्जवला बोलायला लावलं, चालायला लावलं, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवून बुबुळं तपासून आणली. बुबुळाभोवती तांबूस हिरवं कडं निघालं.

"घरात कुणाला कमी वयात कावीळ झाली होती का?" त्यांनी विचारलं.

गुणमालानं पायगोंडाचं सांगितलं.

"गुणमालाताई, तोही हाच रोग होता. विल्सनचा आजार म्हणतात. अन्नातून थोडं तांबं सगळ्यांच्याच पोटात जातं. आपलं यकृत ते बाहेर टाकतं, यांचं टाकत नाही. ते आधी यकृतात साठतं, मग मेंदूत. कुणाला कावीळ होते, कुणाचे हातपाय वाकडे होतात, कुणी नुसतं चिडचिडं होतं. एकाच आईच्या पोटच्या पोरांतसुद्धा रूप वेगळं, म्हणून तर लोक फसतात."

"पर मी तर ह्याला रोज पहाटं तांब्याच्या भांड्यातलं पाणी देतीया! बरं व्हावा म्हणून!"

"त्यानं रोग झालेला नाही, मनाला लावून घेऊ नका. पण आता बंद करा. हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. एकाकडूनच आला तर माणूस जन्मभर ठणठणीत राहतो. तुमचं आणि मालकांचं लग्नाआधीचं नातं काय?"

"माझ्या आत्तीचं पोर त्ये. आमच्यात मामाची, आत्तीची लेक करत्यात."

"तेच. एकाच घराण्यातला दोष दोन्हीकडून येऊन एका लेकरात भेटतो. तुमची मुलगी उद्याच घेऊन या."

"तिला कायबी न्हाई वो. दोघांवर आलं, तिसरी सुटली की!"

"असं सुटत नाही, ताई. प्रत्येक लेकराला चारात एक धोका, आणि तो दर खेपेला नव्यानं. काही होण्याआधी कळलं तर गोळ्यांवर ती म्हातारी होईपर्यंत जगेल. उशीर झाला तर..." बाईंनी खुर्चीत आडव्या पडलेल्या आर्जवकडं पाहिलं.

घरी येऊन गुणमालानं सगळं सांगितलं. रामगोंडा उसळला.

"खुळी हायस का? आयतवारी तुझा भाऊ सुपारी फोडाय येतोय. दवाखान्यात न्हेलीस पोरगी, तर हुंबऱ्याला कोण पाय लावंल? ह्या पोराच्या गोळ्या चालू कर गुपचूप. ब्राह्मीचं नाव काढू नको."

भाऊ म्हणजे दूरच्या गावचा बाबगोंडा, त्याचीही बायको मामाचीच लेक, आणि नवरा मुलगा त्याचा श्रेणिक. आता गुणमालाचंही ऐका. तिला आर्जवचं भावाला सांगायचं नव्हतं, तिनंही वर्षभर झाकूनच ठेवलं होतं. घरचंच घर, पोरगी एकदा सुखात पडू दे, असा तिचाही हिशोब. माय झाली तरी भीती कुणाला चुकली? ती सुपारीच्या तयारीला लागली.

रविवार उजाडला. आर्जवच्या खोलीला कडी पडली. बाहेरच्या सोप्यात बाबगोंडा, त्याची बायको आणि श्रेणिक येऊन बसले. पोहे आले, सरबत आलं. श्रेणिक कशालाच हात लावीना. उजवा हात मांडीखाली दाबून तो खाली मान घालून बसला होता.

"लाजतोय," बाबगोंडा हसून म्हणाला. "आत्तीच्या घरात कसली लाज, घे की रं!"

"न... नको," श्रेणिक म्हणाला. तेवढे दोन शब्द त्यानं चावून चावून काढले.

गुणमालाला एकदम आठवलं. सुरुवातीला आर्जवही असाच हात मांडीखाली दाबून बसायचा! तिनं वहिनीकडं पाहिलं. वहिनीनं नजर चुकवली. अरे देवा! म्हणजे हे आमच्यापासून झाकतायत आणि आम्ही त्यांच्यापासून! दोन्ही घरं एकमेकांना फसवून आपापली पोरं विहिरीत ढकलायला बसलीत, आणि वर सुपारी फोडतायत!

ती उठली. कडी काढली. आर्जवला हाताला धरून, अंगाला हळद लागलेली तशीच, सोप्यात घेऊन आली आणि श्रेणिकच्या शेजारी बसवलं.

"आण्णा, हा माझा आर्जव. वरीस झालं मी तुझ्यापासून लपवला. आता तू सांग, श्रेणिकचा हात कवापासून कापतोय?"

"गुणमाला!" रामगोंडा ओरडला. "घराची अब्रू..."

"कसली अब्रू वो? किडामुंगी मरू नये म्हणून आपण पाणी गाळून पितो. दिवस असताना जेवतो. आन् सोयरीक मातूर न गाळता करतो! माझा पायगोंडा गेला, हा असा झाला. ही हिंसा न्हाई तर काय हाय? माझी ब्राह्मी मी कर्माच्या नावावर न्हाई मारणार!"

मग वहिनीच हुंदका देऊन बोलली, "सा म्हैनं झालं, वन्सं. ह्यांनी तोंड उघडू दिलं न्हाई. आमची बारकी काविळीनंच गेली, तीबी..."

बाबगोंडा भिंतीकडं तोंड करून बसला. रामगोंडा मात्र पोराकडं बघत राहिला. किती महिन्यांनी बघत होता कोण जाणे. तो उठला, आर्जवच्या हनुवटीवरची लाळ आपल्या उपरण्यानं पुसली आणि ढसाढसा रडला. "मी तुला कोंडलं रं," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही घरं सांगलीला गेली. श्रेणिकच्या डोळ्यात तेच कडं निघालं. ब्राह्मीच्या डोळ्यात काही नव्हतं, पण लघवीच्या तपासणीत तांबं भलतंच सापडलं आणि यकृताला सूज होती. ती धडधाकट पोर आतून पोखरायला लागली होती! मात्र वेळ गेली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी औषध सुरू केलं. लग्नाचा विषय कुणी काढलाच नाही.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. श्रेणिक वर्षभरात सावरला. ब्राह्मी शिकते आहे, गोळी चुकवत नाही. आर्जव हाताला धरून चालतो, पण त्याचं बोलणं काही परत आलं नाही. सहा महिने आधी आणला असता तर, असं बाई एकदाच म्हणाल्या. गुणमाला ते अजून विसरलेली नाही.

पर्युषणाच्या पर्वात बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, सगळा समाज जमला होता, तेव्हा रामगोंडा उभा राहिला. "माझ्या घरात रोग हाय," तो म्हणाला. "माझ्या रक्तात बी हाय. ज्याच्या घरी काविळीनं पोर गेलंय, ज्याच्या पोराचा हात कापतोय, त्यानं पोरं तपासून घ्या. आन् सोयरीक करताना एकमेकाला खरं सांगा." लोक एकेक करून उठून गेले. रामगोंडा मान खाली घालून घरी आला. अब्रू गेली, असंच त्याला वाटलं.

सकाळी दार वाजलं. गल्लीतलाच एक शेतकरी, आठ वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन उभा होता. त्याच्या मागं आणखी एक घर आलं होतं.

वाचकहो, रोग रक्तातून येतो, त्यात कुणाचीच चूक नसते. पण लपवणं आपण करतो, आणि लेकरं त्यानं मरतात. आपल्या घरात कुणाला कडी घातली असेल तर आजच काढा.