काळी पाच, पांढरी एक

जोडाची झाळ वितळली तशी तिने ओल्या फडक्यात धरलेला नळीचा वाक ओढून पाहिला. तो हलला नाही. ज्योत पुन्हा एकदा जोडाभोवती फिरवली, पुन्हा ओढला, आणि इतकी वर्षं एकमेकींना धरून बसलेल्या दोन पितळी नळ्या टक् करून सुटल्या. तिने मान वर केली. कारखान्याच्या दारात सासरे उभे होते.

चहा हवा का, असं तिने विचारलं. त्यांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. ओठ काहीतरी पुटपुटत होते, उजवा हात स्वेटरच्या खिशात होता. ते वळले. पावलं जिन्यात वाजली, मग डोक्यावरच्या खोलीत, मग पुन्हा जिन्यात. सकाळपासून हेच चाललं होतं.

समोरचा ट्युबा, बँडमधलं सगळ्यात मोठं पितळी फुंकवाद्य, त्यांचा होता. अग्निशामक दलाच्या बँडमध्ये त्यांनी हाच वाजवत उमेदीची वर्षं घालवली. पेटीच्या भाषेत त्याची पट्टी काळी पाच. छातीच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी फुंकायला कायमची बंदी केली, तेव्हा तो नातीच्या मांडीवर आला. नातीला, म्हणजे हिच्या लेकीला, घरात सगळे चिमणी म्हणत. तो पितळी हत्ती मांडीवर घेऊन ती बसली की पोरगी कुठे संपते आणि वाद्य कुठे सुरू होतं ते समजायचं नाही, त्यामुळे नाव जास्तच शोभून दिसे. तीन कळांवर बोटं कुठे कशी ठेवायची हे तिला आजोबांनी शिकवलं होतं. आता तिला मोठ्या संगीतशाळेत घेतलं होतं, पण तिथले शिक्षक एक सूर वरच्या, पांढरी एकच्या ट्युब्याशिवाय शिकवायला तयार नव्हते. नवा घेणं शक्य नव्हतं. आणि जुन्या ट्युब्याची पट्टी बदलून देणं हाच तर या घराचा धंदा होता.

पट्टी चढवायची म्हणजे नळी आखूड करायची. मोठ्या बहिणीचा फ्रॉक धाकटीला बेतताना नुसता खालून कापून भागत नाही, बाह्या, गळा, कंबर सगळंच थोडं थोडं आत घ्यावं लागतं. तसंच हे. प्रत्येक वाकातून जरासं, तिन्ही कळांच्या नळ्यांतून जरासं, असं मिळून दीडेक हात पितळ बाहेर काढायचं. एकदा काढलं की काढलं. हे काम तिला सासऱ्यांनीच शिकवलं होतं. परक्यांचे ट्युबे ती गाणं गुणगुणत कापायची.

या ट्युब्यासाठी मात्र तिने त्यांना विचारलं होतं. पेपरातून डोकं वर न काढता ते “काप” म्हणाले, आणि इतक्या चटकन म्हणाले की तिचा विश्वास बसला नाही. तेव्हापासून त्यांचं लक्ष कशात नव्हतं. जेवता जेवता उठत. हाक मारली तर दुसऱ्या हाकेला ओ देत. तिने पुन्हा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, दर वेळी तेच उत्तर. शेवटी नवरा हसून म्हणाला होता, “बाबांचं राहू दे. त्यांना विचारून विचारून तू स्वतःलाच परवानगी मागत्येस.”

तिला ते लागलं होतं, कारण खरं होतं. तरीही आज सकाळपासून तिने करवतीचं पातं दोनदा बदललं, टेबल पुसलं, पेन्सिलीची खूण पुसून पुन्हा त्याच जागी केली. शाळा तोंडावर आली होती.

शेवटी तिने नळी पकडीत धरली. सासरे आत येऊन खिडकीजवळच्या स्टुलावर टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. तिने करवत चालवली. पितळ किरकिरलं, सोनेरी भुकटी हातावर उडाली आणि बोटभर तुकडा ताटलीत पडला.

“चुकलं,” ते म्हणाले.

तिचा हात थांबला. “काय म्हणालात?”

“चुकलं माझं.” डोळे न उघडताच त्यांनी मान हलवली, उठले आणि जिना चढून गेले.

तिने तुकडा उचलून नळीला लावून पाहिला. बसत होता, पण करवतीने खाल्लेली फट मध्ये राहत होती. वरून पितळी कडं चढवून झाळलं तर जोड टिकला असता. दिसलाही असता, जन्मभर. तिने कड्यांचा खण उघडला. एक सैल, एक घट्ट, एक तिच्या हातून निसटून टेबलाखाली घरंगळलं. ते शोधायला ती वाकली आणि वाकल्यावर तिला आठवेना की आपण काय शोधतोय. चिमणीला काय सांगायचं? संध्याकाळी पोरगी उड्या मारत येईल, झाला का, झाला का करत. तिने फडक्याला हात पुसले, ज्योत बंद केली आणि वर गेली.

ते दाराकडे पाठ करून पलंगाच्या कडेवर बसले होते.

“बाबा, मी परत जोडते. एकच तुकडा निघालाय. चिमणीचं बघू काहीतरी.”

“काय जोडतेस?”

“तुम्हीच म्हणालात ना, चुकलं म्हणून.”

त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. “अगं, बोट चुकलं माझं.”

खिशातला हात बाहेर काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवला. तीन बोटं तीन कळांवर असावीत तशी वाकलेली.

मग त्यांनी तिला सांगितलं, पूर्वी शिकवायचे त्याच सुरात, घाई न करता. चिमणीची बोटं काळी पाचची आहेत. ट्युबा कापला की तीच बोटं सगळं एक सूर वर वाजवणार. शाळेतले शिक्षक नवी बोटं शिकवतील, पण पोरगी संध्याकाळी रडकुंडीला येऊन विचारणार घरातच. तेव्हा आजोबांना यायला नको? ‘काप’ म्हणाले त्या दिवसापासून ते नवी बोटं बसवत होते. बाकीचं जमत आलं होतं. एक स्वर तेवढा दाद देत नव्हता, पांढरी एक. सगळ्या जन्मात त्याला पहिली आणि तिसरी कळ दाबली, आता त्याला काहीच दाबायचं नाही.

“दाबायचं ते शिकता येतं,” ते म्हणाले. “न दाबायचं कसं शिकायचं, सांग बघू.”

“पण बाबा, तुम्हाला तर...”

“फुंकायला ती आहे ना.”

ती त्यांच्यासमोर जमिनीवरच बसली. मी स्वर सांगते, तुम्ही दाबा, म्हणाली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

“पांढरी चार.” पहिलं बोट खाली गेलं.

“पांढरी तीन.” पहिलं आणि दुसरं.

“काळी पाच.” पहिलं, जरा उशिराने, पण बरोबर.

“पांढरी एक.”

त्यांचा हात गुडघ्यावर तसाच राहिला, एकही बोट खाली गेलं नाही. तिने क्षणभर वाट पाहिली. मग आवाज न करता उठली आणि करवतीकडे गेली.