फुटपाथवर ठेवलेलं पिच

माझ्या अंगभर खिळ्यांची भोकं आहेत मित्रांनो, आणि काथ्याचा वास अजून गेलेला नाही. मी क्रिकेटची एक जुनी मॅट. वेंगुर्ल्याजवळ बायकांनी मला विणलं, आणि आता मी जर्मनीत, येना गावात असते. इथल्या मैदानांवर पिच नसतं, म्हणून मला गवतावर अंथरून खिळे ठोकतात. दुखतं, पण त्यात मान असतो.

बरीच वर्षं मी येनाच्या विद्यार्थ्यांच्या टीमची होते. मग मोठ्या टीम्सनी आपापसात नवी लीग काढली, मॅचेस ऑनलाइन दाखवायला. आम्हाला घेतलं नाही. "तुमच्या मॅचला बघणारे कोण?" म्हणे. खरं तर एक आजोबा कुत्र्याला घेऊन यायचे, पण ते धरले नाहीत. लगेच स्पॉन्सर पळाला, मैदानाचं भाडं परवडेना, आणि मी केलरमध्ये, म्हणजे तळघरात गेले. रोज वाटायचं, आज मला कापून पायपुसणी करणार.

शेवटी कॅप्टन क्षितिजानं ठरवलं, वगळलेल्या टीम्सची आपलीच लीग काढू. बाकी कोणाकडेच मॅट नव्हती. मी आहे तर लीग आहे.

पहिल्या मॅचच्या सकाळी विकेटकीपर शार्दूलनं मला गुंडाळून फुटपाथवर ठेवलं. व्हॅन यायची होती. शेजारी कुणाचं तरी जुनं सामान होतं, कारण त्याच दिवशी श्पेरम्युलची, म्हणजे मोठं टाकाऊ सामान नेणारी, गाडी यायची होती. त्या सामानात एक छान गालिचा होता. शार्दूल जर्मनीत नवा, खोली रिकामी. गालिचा खांद्यावर टाकून तो वर गेला.

तेवढ्यात गाडी आली. कामगार म्हणाला, "इथला एक गालिचा न्यायचाय." आणि मलाच उचललं. समोर गाडीचा लोखंडी जबडा एक सोफा कडाकडा चावत होता. ओरडायला तोंड कुठलं?

क्षितिजा पॅड्स बांधूनच धावत आली. "हाल्ट! ते आमचं पिच आहे."

"आल्झो, हे बघा, माझ्याकडे नोंद गालिच्याची आहे," कामगार शांतपणे म्हणाला. "मला गालिचा मिळाला पाहिजे."

क्षितिजानं वर पाहिलं. "शार्दूल, वर काय नेलंस?"

"अगं, मस्त आहे. आत्ताच अंथरलाय," खिडकीतून उत्तर आलं.

"आण खाली."

"त्यावर चहा सांडलाय."

"कचऱ्याला चालतो."

गालिचा आला. "गेनाऊ, अगदी बरोबर," कामगार समाधानानं म्हणाला आणि मला सोडलं. तोवर माझा एक कोपरा तेवढा जबड्यानं खाल्ला होता.

मॅच झाली. चेंडू त्या फाटक्या कोपऱ्यावर पडून वाट्टेल तिकडे जायचा. आजोबा हसून हसून बेजार, कुत्रा तर मैदानातच. संध्याकाळी मला गुंडाळताना शार्दूल म्हणाला, "झकास चाललंय. आता लीगमधून त्या कील शहराच्या टीमला वगळूया. फार लांबून येतात, बघायलाही कुणी येत नाही त्यांच्यासाठी."

मला पुन्हा तो जबडा दिसला.

क्षितिजानं गुंडाळणं थांबवून माझा कोपरा त्याच्या हातात दिला. "मग हीसुद्धा फेकायची का?"

त्यानं सुटलेले धागे चाचपले. "शिवून घेऊ," म्हणाला. "कीलवाल्यांना राहू दे."

मित्रांनो, व्हॅनचा आवाज आला तरी मी अजून दचकते. म्हणून एवढंच मागते. कुणालाही फुटपाथवर ठेवलंत, तर गाडी येईपर्यंत शेजारी उभे राहा. गालिचा घेऊन वर जाऊ नका.