कुंकू लावलेल्या हार्ड डिस्क

मी एक जुना, दांडगा लोहचुंबक आहे. मुलुंडला नंदूच्या दुकानात, जाड पोलादी पेटीत, दोन तोंडं समोरासमोर करून बसलेला असतो. मधल्या फटीतून हार्ड डिस्क ओढली, की संपलं! तिच्या पोटातले फोटो, हिशेब, गुपितं, सगळं विसरून ती कोऱ्या पाटीसारखी होते.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातला. तिथे विजेचा असा जबर झटका देऊन मला जागं केलं, की तेव्हापासून लोखंड दिसलं की मला राहवतच नाही. कात्री, टाचण्या, नट-बोल्टचे पाने, सगळ्यांना मी मिठी मारतो. एकदा नंदूचं घड्याळही बंद पाडलं. "चुंबक नाय रे, चोर आहेस तू!" म्हणून तो हसला. पण दवाखाने आणि शाळा जुन्या डिस्क विश्वासाने इथेच धाडतात. लोकांची झाकली मूठ झाकलेली ठेवणं, हेच माझं काम.

पुसून झालेल्या डिस्कवर नंदू लाल नेलपॉलिशचा टिपका लावी. टिपका असला तर भंगारात, नसला तर माझ्याकडे.

मग आली खंडेनवमी. नंदूची आई, रुक्मिणीकाकू, घरची विळी घेऊन हत्यारांच्या पूजेला आली. मला झेंडूचा हार मिळाला. आनंदाच्या भरात मी ती विळीच खस्सकन ओढून घेतली. मायलेकांनी मिळून ती सोडवली, तेव्हा कुठे आरती झाली!

दुसऱ्या दिवशी नंदू दुकानात आला आणि डोक्याला हात लावून उभा राहिला. डिस्कच्या ढिगावर ओल्या कुंकवाचे टिपके वाळले होते. एकूण एक लाल!

"आये, वाट लागली! ह्यांना पण कुंकू लावलंस?"

"मग? ती पण हत्यारांच ना? त्यांचो काय गुन्हो?"

नंदू हसला. सगळ्या पुन्हा पुसायच्या, झालं! भराभर त्याने डिस्क माझ्यातून ओढायला घेतल्या. अर्धा ढीग संपला, तोच दारात मनाली नावाची एक गिऱ्हाईक मुलगी आली.

"दादा, माझी डिस्क? आजीच्या ओव्या उतरवून झाल्या?"

नंदूचा हात जागीच थांबला. तिची डिस्क पुसायची नव्हतीच. तिच्या आजीचा, सोनूबाईचा आवाज नव्या डिस्कवर उतरवायचा होता. आजी आता नव्हती. नंदूने ती डिस्क टेबलावर वेगळी ठेवली होती, पण पूजेच्या आवराआवरीत टेबल रिकामं झालं होतं.

तो पुसलेली एकेक डिस्क कॉम्प्युटरला लावून पाहू लागला. टक टक. दुसरी. टक टक. माझ्यातून गेलेली डिस्क एवढंच बोलते.

"दुसरीकडे कुठेच नाहीये हो तो आवाज," मनाली रडवेली झाली.

मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्याच ताकदीची भीती वाटली.

तेवढ्यात रुक्मिणीकाकू चहा घेऊन आली. "काय शोधतास रे?"

"मनालीची डिस्क, आये."

"ती होय! ती थंय वर, देवांकडे."

"देवाकडे?"

"पोरगी देताना बोलली ना, ह्याच्यात माझी आजी आहे म्हणून? मग म्हातारेक हत्यारांत, पायांकडे कशी ठेवतलंय मी?"

माझ्यापासून लांब, समोरच्या भिंतीवरच्या फळीवर, नंदूच्या वडिलांच्या फोटोशेजारी ती डिस्क बसली होती. डोक्यावर झेंडूचं फूल. नंदूने ती जोडली. जात्याची घरघर आली, आणि मागून आवाज:

"पहिली माझी ओवी गं, नातीच्या पावलाला,
शाळंच्या वाटंवरी पाणी घालिते फुलाला."

मनाली हसत होती, डोळे पुसत होती. काकूचा हात तर केव्हाच हवेतल्या हवेत जातं फिरवायला लागला होता. जन्मभर मी आठवणी पुसल्या, ऐकली मात्र ही पहिलीच.

आता नंदू हिरवा टिपका लावतो. कुंकवाला मात्र सुट्टी नाही, ते सगळ्यांना मिळतंच! फक्त मित्रांनो, जुनं काही पुसायला निघालात, तर आधी एकदा विचारा, "ह्याच्यात कोणी आहे का?" मला ते विचारता येत नाही. मी आपला ओढत राहतो. थांबायला तुमचाच हात लागतो.