पाचव्या ओळीला जागा नव्हती

मित्रांनो, मी तासगावजवळच्या एका गावाचा जुना बातम्यांचा फळा. गावाचे नाव सांगत नाही, त्याची अब्रू जाईल. माझी तर गेलेलीच आहे.

मिरजेच्या सुताराने मला सागवानी चौकट ठोकली आणि गावाने मला चावडीच्या भिंतीवर टांगले. फौजेतून परतलेले सुभेदार नाथाजी सकाळच्या एसटीने आलेले वर्तमानपत्र वाचायचे आणि ठळक बातम्या माझ्यावर खडूने उतरवायचे. द्राक्षबागेकडे निघालेले ट्रॅक्टरसुद्धा माझ्यापुढे थांबत. "फळ्यावर आलंय," म्हटले की गावातला वाद मिटायचा. मला गर्व झाला होता, खोटे कशाला बोलू?

पुढे मोबाइल आले आणि माझ्यापुढची गर्दी आटली. मग सरपंच लालासाहेबांनी माझा खालचा निम्मा भाग वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी राखून टाकला. त्या रंगीत शुभेच्छा आठ दिवस कुणी पुसायच्या नाहीत, असा दंडकच पडला. बातम्यांना उरल्या वरच्या चार ओळी.

गेल्या जूनमध्ये पहिल्या पानावर मोठी बातमी झळकली. सुभेदारांनी ती माझ्यावर लिहिली. समुद्रात गॅसचे घबाड. देशाला पन्नास वर्षे पुरेल. हजारो नोकऱ्या निघणार. लवकरच भरती. झाल्या चार ओळी. छापील बातमीच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक वाक्य होते: हा केवळ अंदाज आहे, अजून एकही विहीर खोदून खात्री केलेली नाही. सुभेदारांनी ते वाचले होते. त्यांनी खडू खाली आणला, तर तिथे सरपंचांच्या मेहुण्याचा वाढदिवस. पुसू का, म्हणून ते विचारायला गेले.

"आवं सुभेदार, ऱ्हाऊ द्या की," लालासाहेब म्हणाले. "पेपरवाले गॅस हाय म्हणत्यात, तर हाय."

सीमेवर कधी न डगमगलेला माणूस एका मेहुण्यापुढे हात झाडून घरी गेला.

बेदाण्याच्या शेडवर राबणाऱ्या नागसेनची मुलगी साक्षी रोज मला वाचायची. तिला मिरजेला नर्सिंगचा प्रवेश मिळाला होता. त्याच आठवड्यात शहरात, विश्रामबागेतल्या एका क्लासवाल्याने तीच बातमी दाराला चिकटवली आणि समुद्रातल्या गॅसच्या कामाचा सहा महिन्यांचा कोर्स काढला. नागसेनचे मन कचरत होते. लेकीने त्याला हाताला धरून माझ्यापुढे आणले आणि सुभेदारांचे अक्षर दाखवले. बापाने क्लासची फी भरली. साक्षीने मिरजेचा प्रवेश सोडला.

चार महिन्यांनी वर्तमानपत्राने खुलासा छापला, सातव्या पानावर, बोटभर. मूळ बातमीच्या तळाशी म्हटल्याप्रमाणे तो आकडा निव्वळ अंदाजाचा होता आणि भरतीचे कुणी बोललेच नव्हते. क्लासला कुलूप लागले. मिरजेचे वर्ग तोवर भरले होते. साक्षी बापाबरोबर शेडवर बेदाणा निवडायला जाऊ लागली.

एका सकाळी सुभेदार लिहीत असताना ती कामावर जाता जाता थांबली.

"आजोबा, पेपरातली ती शेवटची ओळ तुमी वाचली हुती का?"

"व्हय, पोरी. पर जागा न्हवती."

"मग वरच्या चार तरी कशाला लिवल्या?"

ती रागावलीसुद्धा नाही. उत्तराची वाट न बघता शेडकडे गेली. सुभेदारांनी खडू माझ्या चौकटीवर ठेवला, तो पुन्हा उचलला नाही. लोक म्हणतात, म्हातारा थकला. मला ठाऊक आहे त्यांना काय झाले ते. तेच मलाही झाले आहे.

मित्रांनो, मला नवा रंग द्या, माझी निगा राखा, असे मी म्हणणार नाही. वाटल्यास उतरवून चुलीत घाला, सागवान चांगले जळते. पण माझ्यावर लिहायचेच असेल, तर आधी लिहा की अजून खात्री झालेली नाही. मग जागा उरली, तर घबाड लिहा.